यंदाही धडगावलाच

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला धीर होईना, म्हणून लिहितेय. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज यंदा मी भरला नाही. मुदत शुक्रवारी संपली. विसरले वगैरे नाही. पोर्टल उघडून तासभर बसले आणि बंद केलं. आई, आधी सगळं वाच, मग रड.

चौथी-पाचवी मिळून तेवीस पोरं माझ्या एका खोलीत आहेत. मागे इथली एक जागा रिकामी झाली तेव्हा नवीन माणूस यायला चार महिने लागले होते. आणि आमची शाळा पाचवीपर्यंतच. पाचवीची पोरं जूनमध्ये आश्रमशाळेत सहावीला जाणार, तिथे त्यांना कोण विचारतंय की बाबा रे, तुला अपूर्णांक कळला का?

नाहीच कळलाय अजून. फळ्यावर १/३ आणि १/४ लिहिले, मोठा कोणता विचारलं, तर वर्ग एका सुरात म्हणाला, एकचतुर्थांश. का? तर चार मोठा. १/२ अधिक १/३ किती, तर २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली. आधी खालचे आकडे सारखे करायचे, म्हणजे 'समच्छेद'. घरी पावरी बोलणाऱ्या पोरांना तो शब्द म्हणजे काय वाटत असेल! बाबा, त्या दिवशी तुमची फार आठवण झाली. गल्ल्याशेजारी पोत्यावर बसवून तुम्ही माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घ्यायचात. औटकीला मी हटकून रडायचे, साडेतीनचा पाढा कुणाला लागतो म्हणून, आणि तुम्ही गुपचूप गुळाचा खडा हातावर ठेवायचात. (आई, तुला हे माहीत नव्हतं ना? आता कळलं.)

मग मी पुस्तक मिटलं. बाजारातून तेल किती आणता, विचारलं. पावकिलो. मग तीन वेळा आणलं तर? पाऊण. ते पाऊण म्हणजेच ३/४ हे कळल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी जी हसली, ती तुम्ही बघायला हवी होती. आता दशांश चालू आहेत. ०.७५ किलो म्हणजे ७५० ग्रॅम, म्हणजे पुन्हा आपला पाऊणच.

चौथीला 'शिवछत्रपती' आहे. प्रतापगडाचा धडा आला तेव्हा सांगितलं, अफजलखानाचा तळ वाईला होता आणि माझं घर तिथेच. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू खानाला चहा मीच दिला होता. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख आता त्यांना माझ्या वाढदिवसासारखी पाठ आहे.

पाचवीच्या इतिहासात माणूस शेती करायला लागला, एका जागी राहायला लागला, असं येतं. एकाने विचारलं, "मॅडम, मग आम्ही दिवाळीनंतर का जातो?" यांचे आईवडील गुजरातेत ऊस तोडायला जातात. गेल्या वर्षी सात पोरं गेली, परत आली तेव्हा अर्धं पुस्तक संपलेलं. यंदा चौघांच्या घरच्यांनी पोरांना इथे आजीपाशी ठेवायचं कबूल केलंय. मॅडम असतील तर ठेवतो, असं म्हणून. आता सांगा, मी तो अर्ज कसा भरणार होते?

पुढच्या वर्षी नक्की भरेन. हे मागच्या वर्षीही म्हणाले होते, माहीत आहे.

माझी काळजी करू नका. खोलीला नळ आलाय, शेजारच्या ताई भाकरी देतात, थंडीला आजीची गोधडी आहे.

तुमचं मात्र नीट ऐका. मोरीतला दांडा दादाने बसवलाय तो धरूनच उठायचं, आई. टॉवेल वाळत घालायला नाहीये तो. डोळ्यांचे थेंब संपायच्या आधी आणा. बाबा, साखर दर महिन्याला तपासायची आणि आकडा मला खरा सांगायचा. तुम्ही खोटं बोलताना 'अगं' दोनदा म्हणता. तात्यांच्या वेळी झालं तसं मला परत नकोय. डबा लावलाय तो बंद करू नका, आमटी पातळ असली तरी. दिवाळीला मी अकरा दिवस आहे, आई, तेव्हा काय हवं ते करून घाल.

आणि एक. माळ्यावर दुकानाचा जुना तराजू आणि वजनं आहेत. पाव, अर्धा आणि एक किलोचं तेवढं हवंय. मला वर्गात टांगायचाय. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही. समोरच्या पोराला बोलवा, दादा आला की त्याच्याकडे द्या. पन्नास ग्रॅमचं सापडलं तर तेही. ते मीच हरवलं असं तुम्ही आजवर म्हणत आलात, पण बहुतेक गुळाच्या ढेपेमागे असेल.

तुमची,
चिमी