विषय : 150 सेंमी उंचीपासून 'सर्वांना योग्य' म्हणून विकलेल्या अर्गोनॉमिक खुर्चीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

गेल्या महिन्याच्या 10 तारखेला तुमची 18,500 रुपयांची खुर्ची घरी आली. 13 तारखेलाच मी तक्रार नोंदवली. दोनदा फोन झाले आणि 'समस्या सुटली' असा मेसेज पाठवून तुम्ही तक्रार बंद केलीत. कुणाची सुटली, ते कळवावे.

माझी उंची 152 सेंमी आहे. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत 39 सेंमी भरतात. तुमच्या खुर्चीची बैठक अगदी खाली आणली तरी 48 सेंमीवर थांबते, म्हणजे पाय लोंबकळतात. मांड्यांचा भार बैठकीच्या पुढच्या कडेवर येतो आणि अर्ध्या तासात पायांना मुंग्या येतात. मग नकळत पुढे सरकते, पाठ टेकत नाही, कंबरेचा बाक सपाट होतो आणि मी पोक काढून बसते. पोक जावा म्हणून तर ही खुर्ची घेतली होती!

तुमच्या प्रतिनिधीने 1,400 रुपयांचा फूटरेस्ट सुचवला. तो प्रयोग मी फुकटात केला होता, आईचा जेवायचा पाट पायाखाली घेऊन. पाय टेकले, पण मुख्य अडचण बैठकीच्या लांबीची, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या अंतराची आहे. ती 51 सेंमी आहे आणि बैठक पुढे-मागे सरकत नाही. पाठ टेकवली की कड पोटरीत रुतते. कड आणि गुडघा यांत दोन-तीन बोटे जागा राहायला हवी, एवढे तुमच्याच माहितीपत्रकात लिहिले आहे. कंबरेच्या आधाराची उशीही एकाच उंचीवर पक्की बसवलेली आहे. ती मला कंबरेच्या बरीच वर, पाठीत टोचते.

माझा पावणेसहा फुटी भाचा तिच्यावर बसून "मस्त आहे" म्हणाला. खुर्ची वाईट नाही, ती त्याच्या मापाची आहे. पण जाहिरातीत '150 ते 190 सेंमी' असे छापले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अशा जाहिरातीला दिशाभूल करणारी म्हणतो.

तेव्हा बैठक 40 सेंमीपर्यंत खाली येईल आणि पुढे-मागे सरकेल असे मॉडेल बदलून द्या. नसेल तर खुर्ची स्वखर्चाने परत न्या आणि पूर्ण रक्कम द्या. 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सध्या मी जेवणाच्या टेबलाच्या लाकडी खुर्चीवर, पाठीशी चादरीची घडी लावून काम करते आहे. तुमची खुर्ची कपडे वाळत घालायला वापरतो.

बिल, मापे घेतानाचे फोटो आणि जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक, पुणे