फॉरमॅट पाळा, नमुना फेका : मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे तुम्हाला मेल करूनही भागलं असतं. पण हल्ली दर थोड्या दिवसांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "दादा, तुमचं सीड फंडचं प्रपोजल पाठवा ना, फॉरमॅट बघायचाय." मी प्रपोजल पाठवत नाही, तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते ऐकवतो. नाव घ्यायचं नाही असं तुम्हीच बजावल्यामुळे सगळं शहाणपण माझ्या नावावर जमा होत चाललंय. म्हणून हे जाहीर पत्र. नाव इथेही घेत नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. आम्ही दोघं मित्र, सांगलीचे. हळकुंडातला ओलावा मोजणारं, हातात मावेल असं यंत्र बनवत होतो. मार्केट यार्डात आजही जाणता माणूस हळकुंड मोडून बघतो. टण् असा धातूसारखा आवाज आला की माल वाळला. ही पारख खोटी नाही. पण एकाच हळकुंडाचा आवाज शेतकऱ्याला वेगळा ऐकू येतो आणि घेणाऱ्याला वेगळा, आणि भाव घेणाऱ्याच्या कानावर ठरतो. मधे आकडा दाखवणारं काहीतरी असावं, एवढीच आमची कल्पना. तिला पैसे हवे होते, म्हणून स्टार्टअप इंडिया सीड फंडाकडे वळलो. नव्या उद्योगांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुरू केलेली ९४५ कोटींची योजना. त्यात प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं, तेही इन्क्युबेटरमार्फत (नव्या उद्योगांना आधार देणारी संस्था) आणि टप्प्याटप्प्यानं.

अर्ज लिहायला बसलो आणि आमचं दोघांचं वाजलं. भागीदाराचं म्हणणं, चाकोरी सोडायची नाही. त्याच्याकडे एका मित्राचा निधी-प्रयास या केंद्राच्याच दुसऱ्या योजनेत मंजूर झालेला प्रस्ताव होता. त्यातलं यंत्राचं नाव बदलायचं, आकडे बदलायचे, बाकी वाक्यं जशीच्या तशी. "मंजूर झालंय ना, मग झालं." मला ते पटत नव्हतं. मला सुरुवात हरिपूरच्या पेवांपासून करायची होती. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकवणारी ती पेवं, २००५ च्या पुरात त्यांची झालेली दैना, मग साठवणूक, मग ओलावा. रकाने काय, नंतर भरता येतील.

तुम्ही दोन्ही मसुदे वाचलेत आणि कुणाचीच बाजू घेतली नाहीत. योजनेच्या मार्गदर्शक सूचना छापून आणायला सांगितल्यात आणि अर्ज ज्यावर तपासला जातो त्या मुद्द्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्यात : गरज, व्यवहार्यता, संभाव्य परिणाम, नावीन्य, टीम, निधी कसा वापरणार. म्हणालात, "हा तुमचा फॉरमॅट. यातला एकही मुद्दा वगळायचा नाही, दोन एकत्र करायचे नाहीत, शब्दमर्यादा ओलांडायची नाही. आणि हा मित्राचा कागद म्हणजे नमुना. याला फॉरमॅट म्हणू नका. हा आजच घरी ठेवून या."

आमचं सगळं भांडण या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतं. भागीदार नमुन्याला फॉरमॅट समजून त्याची पूजा करत होता आणि मी नमुन्याच्या रागात फॉरमॅटच मोडायला निघालो होतो.

मला तुम्ही जे समजावलंत ते विशेष लक्षात आहे. समितीतला माणूस एकामागून एक अर्ज वाचतो आणि त्याला प्रत्येक मुद्द्यावर वेगळं मत द्यायचं असतं. व्यवहार्यतेचं मत बनवायला तो व्यवहार्यतेच्याच रकान्यात बघणार. तुमच्या पेवांच्या कहाणीत चौथ्या परिच्छेदात ती दडलेली असेल तर ती हुडकणं हे त्याचं काम नाही. चौकट त्याच्या सोयीसाठी आहे आणि ती पाळण्यात तुमचं काही जात नाही. पेवं गेली. (हरिपूरवर कधीतरी स्वतंत्र लिहीनच.)

पण चौकटीच्या आत काय लिहायचं, यावर तुम्ही आम्हाला जे पिळून काढलंत त्याला तोड नाही. नमुन्यात व्यवहार्यतेखाली दोन गुळगुळीत वाक्यं होती : तंत्रज्ञान सिद्ध आहे, अचूकता उत्तम आहे. तुम्ही विचारलंत, "अचूक म्हणजे कशाशी ताडून?" आमचं यंत्र धारकतेवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) चालतं. ही क्षमता ज्यावर ठरते तो परावैद्युत स्थिरांक (डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट) पाण्याचा ८० च्या आसपास, वाळलेल्या वनस्पतीचा अगदी थोडा, म्हणून ओलावा वाढला की धारकता वाढते. इथवर ठीक. पण ताडून बघायला खरा ओलावा माहीत हवा. भागीदार म्हणाला, ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट मोजू. त्यावर तुम्ही हसलात. हळदीत उडून जाणारं तेल असतं, ओव्हनमध्ये पाण्याबरोबर तेही उडतं आणि सगळी घट पाण्याच्या नावावर लागते. मसाल्यांसाठी टोल्युइन या द्रावकाबरोबर ऊर्ध्वपातन करतात. पाणी वेगळ्या नळीत साठतं आणि थेट मोजता येतं. "हे कुठल्या प्रयोगशाळेत करणार, किती नमुन्यांवर, कच्च्या हळदीपासून पॉलिशपर्यंतच्या कुठल्या अवस्थेत, एवढं त्या रकान्यात लिहा. बाकी विशेषणं काढा." त्या रकान्यात मग एकही विशेषण उरलं नाही. समितीसमोर सादरीकरणाला गेलो तेव्हा बहुतेक प्रश्न त्याच रकान्यावर आले आणि सगळ्यांची उत्तरं तयार होती.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. हप्ते टप्प्यांना बांधलेले असतात, टप्पा चुकला की पुढचा हप्ता लटकला. नमुन्यात दर तीन महिन्यांना एक टप्पा, शाळेच्या चाचणी परीक्षांसारखा. भागीदारानं तेच उचललं होतं. तुम्ही कॅलेंडर समोर ठेवलंत. हळद लावतात मे-जूनमध्ये, काढणी साधारण जानेवारीपासून, मग शिजवणं, उन्हात वाळवणं. ओली ते वाळलेली असा पूर्ण प्रवास मोजायचा तर ताजा माल त्या काही महिन्यांतच मिळणार. पैसे पावसाळ्यात आले तर "पहिले तीन महिने : क्षेत्र चाचणी" हे लिहिणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. टप्प्यांच्या तक्त्याचे स्तंभ तसेच ठेवायला सांगितलेत आणि ओळी हंगामाप्रमाणे लांब-आखूड करायला लावल्यात : पावसाळ्यात सर्किट आणि साठवलेल्या मालावर कॅलिब्रेशन (यंत्राचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवणं), हंगामात शेतावर आणि यार्डात मोजमाप. शेजारी एका ओळीत कारण. कुणी हरकत घेतली नाही. उलट एका परीक्षकानं विचारलं, "तुम्ही शेतकरी कुटुंबातले का?" आम्ही दोघंही नाही.

बाजारपेठेच्या रकान्यावर आपलं थोडं वाजलं, आठवत असेल. मी जगभरच्या मसाला बाजाराचा भलामोठा आकडा टाकला होता, कारण प्रत्येक नमुन्यात तो असतो. तुम्ही तो खोडलात आणि विचारलंत, पहिलं यंत्र विकत कोण घेणार? शेतकरी एकटा घेणार नाही, गट घेईल, कंपनी घेईल, किंवा अडत्या घेईल. तिघांची गरज वेगळी, तिघांना परवडणारी किंमत वेगळी. ते लिहायला यार्डात जाऊन माणसांशी बोलावं लागलं, आणि तेवढं केल्यावर यंत्राचा डिस्प्लेच बदलला. अडत्याला टक्के दिसले तरी चालतात, शेतकऱ्याला "अजून वाळव" किंवा "झालं" एवढंच हवं असतं.

निधीच्या रकान्यात आम्ही एक छोटी खोली भाड्यानं घेऊन तिथे टेबलं, एसी असं काहीबाही मांडलं होतं. सूचनांमध्ये सुविधा उभारायला हा निधी वापरायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही बोट ठेवलंत, आम्ही ओळ काढली. यात चर्चेला जागाच नव्हती.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. "तुमचं वेगळेपण काय" हा रकाना काही कामाचा नाही असं माझं ठाम मत आहे. नावीन्याच्या रकान्यात जे लिहिलं तेच पुन्हा थोडक्यात लिहायचं. तुम्ही म्हणता, थोडक्यात सांगता येतं का हेच तिथे बघतात. असेल.

फोन करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. ज्या योजनेला अर्ज करताय तिच्या सूचना आधी वाचा. प्रयासला १० लाखांपर्यंत मिळतात आणि तिथे कल्पनेपासून प्रोटोटाइपपर्यंत पोचणं महत्त्वाचं. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या 'बिग' (BIG) योजनेत ५० लाखांपर्यंत, पण विषय जैवतंत्रज्ञानाचा. एकीचा मजकूर दुसरीत चिकटवला की शिवण दिसते. प्रपोजल लिहून देणारे सल्लागार हल्ली गल्लोगल्ली झालेत. त्यांच्याकडून आलेले तीन अर्ज शेजारी ठेवले तर कुणाचं यंत्र, कुणाचं ॲप, ओळखू येत नाही. तुम्ही आमच्याकडून एक पैसा घेतला नाहीत, वर चहाही तुमचाच.

आता एक काम आहे. पॉलिश न केलेल्या हळकुंडावर आपलं यंत्र अजून आकडा जास्त दाखवतंय. साल खडबडीत असल्यामुळे इलेक्ट्रोड नीट टेकत नाही असा भागीदाराचा कयास आहे, मला कॅलिब्रेशनचा दोष वाटतो. म्हणजे पुन्हा वाजलंय. गुरुवारी दुपारी मोकळ्या असाल तर दोघंही नमुने घेऊन येतो. हळदीचे.

आपला,
हळदवाल्यांपैकी दाढीवाला