एलिनॉर गार्डनर यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय एलिनॉर गार्डनर यांस,

सादर प्रणाम.

आपल्या निधनाला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला असल्याने हे पत्र आपल्यापर्यंत पोचणार नाही, हे उघड आहे. तरीही वाळवंटातील पुरातत्त्वाकडे वळलेल्या माझ्यासारख्या भूशास्त्राच्या विद्यार्थिनीवर आपले जे ऋण आहे, त्याचा जाहीर उच्चार व्हावा, असे मला मनापासून वाटते. इजिप्तमधील फायूमचा विषय निघाला की पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-टॉम्प्सन यांचे नाव घेतले जाते आणि त्यात काहीच वावगे नाही. मात्र 1934 साली निघालेल्या 'द डेझर्ट फायूम' या ग्रंथावर त्यांच्या सोबतीच्या भूशास्त्रज्ञ म्हणून आपलेही नाव आहे. ते वाचणारे पुष्कळ असले, तरी सांगणारे थोडेच भेटतात.

फायूमच्या खोलगट भागातील कारून सरोवराचे पाणी आज समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 44 मीटर खाली आहे. एके काळी हेच सरोवर कितीतरी मोठे होते आणि आज जिथे नुसती वाळू दिसते, तिथे त्याचे काठ होते. 1920 च्या दशकात आपण दोघींनी हा उजाड प्रदेश पायाखाली घातला. दगडी हत्यारे आणि वस्त्यांच्या खुणा यांचा शोध केटन-टॉम्प्सन घेत असताना जुन्या किनाऱ्यांच्या रेघा, गाळाचे थर आणि त्यांतील गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आपण तपासत होता. त्या मृदुकाय जीवांवर आपण 1932 साली स्वतंत्र निबंधही लिहिला. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत अशा निबंधांचा उल्लेख बहुधा तळटीपेतच होतो. पण वस्ती पाण्याच्या काठावर होती की पाणी हटल्यावर वसली, हा प्रश्न त्यांच्यावाचून सुटत नाही.

त्या काठालगतच्या उंचवट्यावर धान्याची पेवे सापडली. जमिनीत खणलेल्या त्या खड्ड्यांना गवताच्या विणीचे अस्तर होते, आत खपली गहू आणि जव होते, आणि एका पेवात तर गारगोटीची पाती बसवलेला लाकडी विळा जसाच्या तसा मिळाला. आमच्याकडे आजही खपलीची खीर होते, त्यामुळे हा भाग वाचताना मी जरा जास्तच रेंगाळले. पुढे 1950 च्या सुमारास अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी किरणोत्सारी कार्बनावरून काळ ठरवण्याची पद्धत सिद्ध केली, तेव्हा सुरुवातीच्या नमुन्यांत फायूमचे हे धान्यही होते. आज ही पेवे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या सहस्रकातील मानली जातात.

सरोवर टप्प्याटप्प्याने ओसरत गेले आणि वरच्या काठाची शेतकरी वस्ती आधीची, तर खालच्या काठाची मासेमारी व शिकार करणारी वस्ती नंतरची, असा क्रम आपण दोघींनी लावला होता. 1970 च्या दशकातील कालमापनाने तो उलटा ठरला. मासेमारी करणारे लोक शेतकऱ्यांच्या हजाराहून अधिक वर्षे आधीचे निघाले आणि पाणी मध्यंतरी उतरून पुन्हा चढले होते, हेही कळले. असे असूनही मी आपलेच आभार का मानते, असे कोणी विचारील. कोणती वस्तू कोणत्या उंचीवर, कोणत्या काठालगत मिळाली, याची नोंद आपण केलेली होती, म्हणून पुढच्यांना तोच पुरावा हाती घेऊन नवा क्रम लावता आला. अनुमान चुकले, मोजमाप टिकले. नुसता निष्कर्ष छापून आपण मोकळ्या झाला असता, तर दुरुस्त करायला तरी काय उरले असते?

1930 नंतर आपण दोघी इजिप्तमधल्याच खारगाच्या मरूद्यानात गेलात. तिथे जमिनीखालचे पाणी दाबामुळे वर येई, सोबत वाळू आणि माती आणी, आणि झऱ्याच्या तोंडाभोवती टेकाड तयार होई. पाण्यासाठी आलेल्या माणसांची हत्यारे त्या तोंडातच गाडली गेली होती, आणि ती कळायची तर आधी झरा वाचता यायला हवा होता. पुढे 1937-38 च्या हंगामात आजच्या येमेनमधल्या हद्रामौत प्रदेशातील हुरैदा येथे चंद्रदेवतेच्या मंदिराचे उत्खनन चालू असताना आपण त्या परिसरातील हवामान आणि प्राचीन पाटबंधारे यांकडेही लक्ष दिलेत. मंदिराची छायाचित्रे सगळे पाहतात. ते बांधणाऱ्यांचे पोट कोणत्या पाण्यावर भरत होते, हे विचारणारे विरळा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानात डिडवाना येथील वाळूची टेकडी खोलवर खणली आणि वाळू, चुनकंकराचे (मातीत साकळलेल्या चुन्याचे) थर आणि अश्मयुगीन हत्यारे एकत्र वाचून थर वाळवंटाच्या बदलत्या हवामानाचा मागोवा घेतला. त्यांनी तो मार्ग आपल्याकडून उचलला, असे मी म्हणत नाही. मी मात्र त्या कामाकडे आपल्या ग्रंथातून आले. हत्यार उचलण्याआधी त्याच्या खालचा आणि वरचा थर लिहून काढायचा, कंकर गोट्यांच्या रूपात आहे की सलग पाटासारखा, हे टिपायचे आणि अर्थ लावायचे काम वहीच्या वेगळ्या पानावर करायचे, ही सवय मला आपल्यामुळे लागली. त्याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.

कळावे,

आपली नम्र,
भूशास्त्राची एक विद्यार्थिनी, पुणे