सुट्टीतली कमाई आणि कर्जाचा कागद

शाळा संपल्यानंतरच्या सुट्टीत मुलांनी छोटी-मोठी नोकरी करून कॉलेजसाठी पैसे जमवावेत, असे सुचवणारा आपला लेख वाचला. सूचना रास्त आहे. पण दोन-तीन महिन्यांच्या पगारात एका सत्राची फी भागणेही कठीण. त्यापेक्षा या सुट्टीत मुलाने शैक्षणिक कर्जाच्या अटी स्वतः वाचणे अधिक मोलाचे. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, म्हणून व्याजही तेव्हाच लागते, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक कर्जांत ते रक्कम उचलल्यापासूनच चढू लागते. १० टक्के दराने, वार्षिक चक्रवाढ धरली, तर पहिल्या वर्षी उचललेल्या शंभराचे चार वर्षांनी १४६ होतात. शिकत असतानाच नुसते व्याज भरले, तर मुद्दल शंभरच राहते. सुट्टीतली कमाई घालायची तर इथे घालावी. आपण पालक मात्र कागद सहीपुरताच मुलापुढे सरकवतो. त्याने काही विचारले, की ‘तू अभ्यासाकडे लक्ष दे’ हे ठरलेले उत्तर! लेखात कर्जाच्या या बाजूचा उल्लेख यायला हवा होता.

– एक पालक