‘हजेरीपुरते’ देश कोणते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ग्लासगोला होणाऱ्या राष्ट्रकुल स्पर्धांवर आपल्या क्रीडापानावर मोठा लेख आला होता. खर्च आवरण्यासाठी खेळ दहावर आणले, त्यात कुस्ती, बॅडमिंटन, हॉकी गेले, भारताच्या पदकांना त्याचा फटका बसणार, हे सगळं त्यात नीट मांडलं आहे. लेखाच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे : ‘नौरू, किरिबाती यांसारखे हजेरीपुरते येणारे देशही असतीलच.’ त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी शिरोळ तालुक्यातला. तरुणपणी वेटलिफ्टिंग केलं, राज्य पातळीच्या पुढे जाता आलं नाही. गेली बावीस वर्षं गावातल्या व्यायामशाळेत मुलामुलींना शिकवतो. आमच्या भागाला हा खेळ परका नाही. आमच्या तालुक्यातल्या कुरुंदवाडचं नाव या खेळातल्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१४ साली याच ग्लासगोत आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी कांस्यपदकं आणली, तेव्हा आम्ही रात्री जागून टीव्हीसमोर बसलो होतो. त्याच स्पर्धेत १०५ किलो वजनी गटाचं सुवर्ण कोणी नेलं? पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती बेटांच्या डेव्हिड कटोआटाऊने. त्याच्या देशाचं राष्ट्रकुल स्पर्धांतलं ते पहिलंच सुवर्ण. पुढे रिओ ऑलिम्पिकमध्ये तो प्लॅटफॉर्मवर नाचला. समुद्र वर येतोय, आमची बेटं जाणार आहेत, हे जगाने निदान ऐकावं म्हणून. ज्या गावात त्याने सुवर्ण जिंकलं, त्याच गावच्या स्पर्धेच्या बातमीत त्याचा देश ‘हजेरीपुरता’ ठरला, याचं मला फार वाईट वाटलं.

नौरूचं तर याहून मोठं आहे. पॅसिफिक महासागरातलं हे बेट सारं २१ चौरस किलोमीटरचं. बेटाला वेढा घालणारा रस्ता एकोणीस किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे दूध घालणारी पोरं रोज सायकलवर एवढं अंतर तोडतात. लोकसंख्या बारा हजारांच्या घरात, म्हणजे आमचं कुरुंदवाडसुद्धा मोठं. बेटाच्या मधल्या भागात फॉस्फेट होतं. ते दुसऱ्या देशांच्या शेतात खत म्हणून पडावं यासाठी कित्येक दशकं खणून नेलं. आता तिथे चुनखडीचे उघडे सुळके उभे आहेत, काही पिकत नाही. लोक किनाऱ्याच्या पट्टीत राहतात, खाणं जहाजाने येतं आणि मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत त्यांचं नाव घेतात. उसाला पोतं-पोतं खत घालणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना ही गोष्ट कळायला जड जाऊ नये.

अशा बेटावरचा मार्कस स्टीफन ऑस्ट्रेलियात शाळेला होता, तिथे त्याच्या हातात बार, म्हणजे वजनाच्या प्लेटा लावायची दांडी, आला. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत नौरू पहिल्यांदाच उतरलं आणि अख्ख्या देशाचा संघ म्हणजे हा एकटा. ६० किलो गट. तेव्हा स्नॅच (वजन एका झेपेत डोक्यावर), क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) आणि दोन्हींचं मिळून एकूण वजन यांची वेगवेगळी पदकं असत. त्याने स्नॅचचं सुवर्ण आणि बाकी दोन्ही रौप्यं घेतली. १९९४ ला तीन सुवर्णं, १९९८ ला पुन्हा तीन, २००२ ला तीन रौप्यं. चार स्पर्धांत बारा पदकं. बार्सिलोना ऑलिम्पिकला त्याला सामोआकडून उतरावं लागलं, कारण नौरूला ऑलिम्पिक समितीच नव्हती. ती १९९४ साली मान्य झाली. १९९६ ला अटलांटात नौरूचा झेंडा पहिल्यांदा आला तेव्हा संघात तिघं होते आणि तिघंही वेटलिफ्टर. २००७ ते २०११ हा माणूस त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. आपल्या दिल्लीत २०१० च्या स्पर्धेत ७७ किलो गटाचं सुवर्ण नौरूच्याच युकिओ पीटरने नेलं.

एवढ्याशा बेटांना हे जमतं कसं, हे मी बरीच वर्षं शोधत आलो. एक तर त्यांनी खेळ नेमका निवडला. या खेळाला मैदान लागत नाही. एक खोली, एक प्लॅटफॉर्म, एक बार, आणि रोज येणारा माणूस. दुसरं म्हणजे, ऑस्ट्रेलियाच्या पॉल कोफा या प्रशिक्षकाने ओशिआनिया वेटलिफ्टिंग इन्स्टिट्यूट उभी केली, तिथे वेगवेगळ्या बेटांची मुलं एकत्र राहून सराव करायची. एका बेटावर जोडीला तोलामोलाचा कोणी नसायचा, तिथे मिळायचा. आपल्याकडे शेजारच्या तालुक्याच्या पोराला आपल्या जिममध्ये येऊ देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०१९ च्या महापुरात आमची व्यायामशाळा नऊ दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर बार बाहेर काढला तर त्याची बाही, म्हणजे प्लेटा लावायचं फिरतं टोक, फिरेना, आत गाळ बसलेला. डिझेलमध्ये बुडवून, घासून तो पुन्हा फिरता करायला मला पंधरवडा लागला. खाऱ्या वाऱ्यात वर्षभर बार सांभाळणाऱ्या माणसाला काय कष्ट पडत असतील, याचा अंदाज मला त्या पंधरवड्यात आला.

आणखी एक गोष्ट. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. वेटलिफ्टिंगच्या वॉर्मअप हॉलमध्ये मी मदतनीस होतो. पॅसिफिकमधल्याच एका बेटाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता, बरोबर एकच प्रशिक्षक. मोठ्या संघांकडे प्रशिक्षक वेगळा, मालिश करणारा वेगळा, प्लेटा लावणारा वेगळा. इथे तो प्रशिक्षक पुढच्या उचलीचं वजन बदलून सांगायला मार्शलच्या, म्हणजे वजनांची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलाकडे पळाला की पोरगा स्वतःच आपल्या बारवर प्लेटा चढवायचा, स्वतःच उचलायचा, पुन्हा स्वतःच उतरवायचा. मी पुढे होऊन प्लेटा लावू लागलो. त्याने डाव्या हाताच्या आतल्या बाजूला निळ्या पेनाने उचलायच्या वजनांचे सहा आकडे लिहिले होते, तीन स्नॅचच्या प्रयत्नांचे आणि तीन जर्कच्या. प्रत्येक उचलीनंतर आत यायचा आणि अंगठ्याने एक आकडा पुसायचा. शेवटी घाम आणि खडूच्या भुकटीत एकच अंक उरला. तो उचलून आला तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता. पदक नव्हतंच. सहाही उचली मात्र बरोबर गेल्या होत्या, आणि या खेळात सहापैकी सहा म्हणजे काय ते ज्याने बार धरला आहे त्याला विचारा. त्या दिवसापासून मी माझ्या पोरांना स्पर्धेआधी सहाही आकडे वहीत लिहायला लावतो.

२०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धेत महिलांच्या ७६ किलो गटात आपल्या पूनम यादवने स्नॅचमध्ये ९८ किलो उचलले, पण क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न बाद गेले, त्यामुळे एकूण वजनच धरलं गेलं नाही. माझ्या व्यायामशाळेतल्या मुली रडल्या. दुसऱ्या दिवशी मी पाहिलेल्या सगळ्या बातम्या ‘पदक हुकलं’ एवढंच सांगत होत्या. कांस्य कोणाला गेलं, हे मला शोधून काढावं लागलं. ते नौरूच्या मॅक्सिमिना उएपाला गेलं होतं. बारा हजारांच्या देशातली मुलगी आपल्या मुलीच्याच गटात पदक घेऊन गेली, हे त्या रात्री मुलींना सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘सर, ती सराव कुठं करते?’ त्या प्रश्नाने मुली पुन्हा बारकडे वळल्या. अशी माहिती पेपरातच असती तर हा प्रश्न गावोगावच्या पोरींनी विचारला असता.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. हे संघ तेव्हा आपल्या दारात पाहुणे म्हणून येतील. त्याआधी ग्लासगोपासूनच आपल्या प्रतिनिधींनी एवढं करावं अशी विनंती आहे : वेटलिफ्टिंगचा निकाल देताना भारतीयाबरोबर त्याच गटातल्या या बेटांच्या खेळाडूंची नावं आणि त्यांच्या सहाही उचलींचे आकडे, कोणता बरोबर गेला, कोणता बाद झाला, छापावेत. चार ओळी जागा जाईल. ती कात्रणं मी व्यायामशाळेच्या भिंतीवर लावीन. पुराच्या पाण्याची खूण जिथे आहे, त्याच्या वर.

आपला,
एक वेटलिफ्टिंग प्रशिक्षक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर