वणवा कुठे जाणार, हेही कळू द्या

महोदय,

भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, आता साताऱ्यातच असतो. फेब्रुवारी लागला की इथले डोंगर पेटू लागतात. गेली अकरा वर्षं गावातल्या पोरांबरोबर मी वणवा विझवायला जातो.

तीन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका दुपारी आम्ही सहा जण ओल्या डहाळ्या घेऊन सोंडेवर थांबलो होतो. आग खाली, बरीच लांब वाटत होती. वर थांबलो हीच चूक. दुपारचा वारा दरीतून वर चढतो; शेजारच्या घळीने धुराड्यासारखी आग ओढून घेतली. ‘जळलेल्या रानात शिरा!’ अशी एका गुराख्याची हाक आली, त्या काळ्या राखेत उभे राहिलो म्हणून वाचलो. तरी एका मुलाच्या पोटऱ्या भाजल्या. तमिळनाडूत कुरंगणीला मार्च २०१८ मध्ये डोंगरात वणव्याने गाठलेले वीसहून अधिक लोक दगावले, ते तेव्हा आठवलं.

चढावर ज्वाळा वरच्या गवताच्या जवळ येतात, त्यामुळे ते पेटण्याआधीच वाळून तापतं. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड रॉदरमेल यांनी १९७२ मध्ये वारा, उतार, गवताची दाटी आणि ओल यांवरून हा वेग काढण्याचं गणित मांडलं. संगणकावर वणवा आधीच चालवून पाहणाऱ्या अनेक प्रणाली आजही त्यावरच उभ्या आहेत.

भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून येणारा इशारा मोलाचा आहे, पण तो आग कुठे लागली तेवढंच सांगतो. तासाभरात ती कुठल्या घळीने वर येईल, हे आम्हाला हवं आहे. डोंगरांच्या उंचसखलपणाची माहिती इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांच्या संकेतस्थळावर आहे. वाऱ्याचं मात्र अवघड. शहरात मोजलेला वारा दरीत कामाचा नाही, तिथे तो वळतो, अडतो, उलटा फिरतो. ते गुराख्यांनाच विचारून नोंदवावं लागेल.

वनविभागाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून आपल्या डोंगरांवर वणव्याची वाट संगणकावर काढण्याचं हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावं, जाळरेषाही (आग अडवायला गवत आधीच काढून टाकलेले पट्टे) त्यावरूनच आखाव्यात. आणि डोंगराखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत नकाशा लावावा. दुपारी कुठल्या घळीच्या माथ्यावर थांबायचं नाही, एवढं तरी त्यावर लाल रंगात दाखवावं.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा