आई, त्यांना तुझा पत्ता कळला कसा?

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, तुला लॉटरी लागल्याचा ईमेल आला आणि परवा फोनवर तू विचारलंस, "मी कधी लॉटरीचं तिकीट काढलं नाही, मग या लोकांना माझा पत्ता दिला कोणी?" मी घाईत होते. "स्पॅम आहे गं, डिलीट कर," म्हणून फोन ठेवला. स्पॅम म्हणजे न मागता ढिगाने पाठवलेले मेल. आता नीट सांगते.

बहुतेक बाबांनी दिला. बाबा, लगेच रागावू नका. तुम्ही रोज सकाळी मित्रमंडळींना सुविचार पाठवता, तो मलाही येतो. काल सुविचार सोडून वरची रांग मोजली. 'टू'च्या रकान्यात त्रेसष्ट पत्ते, आई एकविसावी. खाली आधी फॉरवर्ड करणाऱ्यांचे पत्ते तसेच चिकटलेले. या त्रेसष्टांपैकी एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, की तो मेलपेटी उपसून सगळे पत्ते घेऊन जातो. आईने कितीही जपलं तरी उपयोग नाही, कारण तिचा पत्ता तिच्याकडून गेलेलाच नसतो.

गंमत म्हणजे पहिल्या मोठ्या स्पॅमचंही असंच झालं होतं. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने कॉम्प्युटरची जाहिरात सुमारे ४०० जणांना पाठवली. पत्ते छापील डिरेक्टरीतून हाताने टाइप केलेले. ते इतके झाले की रकान्यातली जागा संपून मजकुरात सांडले!

आता हे काम प्रोग्रॅम करतात. इंटरनेटवर पानामागून पान चाळायचं आणि 'ॲट'चं चिन्ह दिसलं की त्याच्या आजूबाजूची अक्षरं उचलायची. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी हे चिन्ह निवडलं ते लोकांच्या नावात येत नाही म्हणून. तेच आता चोरांच्या सोयीचं झालंय. बाबांचा पत्ता माजी विद्यार्थ्यांच्या यादीत उघडा पडलाय, तो काढायला सांगा. काही जण तर नुसते अंदाज बांधतात: नाव, आडनाव, पुढे जन्मसाल. हजारो पत्त्यांवर मेल सोडायचे, जे परत येत नाहीत ते चालू पत्ते. शिवाय एखाद्या दुकानाची ग्राहकयादी चोरीला जाते आणि विकली जाते. 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मी तुमचे दोन्ही पत्ते टाकून पाहिले. आईचा कुठे नाही, बाबांचा दोन चोरलेल्या याद्यांत निघाला. त्या दोन्ही ठिकाणचे पासवर्ड बदलू. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही.

बाबा, तुम्ही त्या लॉटरीवाल्याला उत्तर लिहिलंत ना, "महोदय, कृपया असे मेल पाठवू नयेत"? वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. त्याला एवढंच हवं असतं: इथे खरा माणूस आहे, तो मेल वाचतो. अशा पत्त्याला जास्त भाव मिळतो. अनोळखी मेलमधलं 'अनसबस्क्राइब'ही दाबू नका, तेही तेच सांगतं. आपण स्वतः नाव नोंदवलेल्या ठिकाणचं असेल तर खुशाल दाबा.

मेल नुसता उघडला तरी कधी कधी कळतं. त्यात टिंबाएवढं, न दिसणारं चित्र असतं. ते त्यांच्या सर्व्हरवरून आलं की तिथे नोंद होते. म्हणून चित्रं दाखवण्याआधी विचारायची सोय सेटिंगमध्ये चालू करायची आहे. ती मी आल्यावर करेन, तुम्ही शोधत बसू नका.

सुविचार बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे 'बीसीसी'त. मग कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही. फॉरवर्ड करताना खालचे जुने पत्तेही पुसा. आणि खरेदीसाठी, फॉर्म भरण्यासाठी एक वेगळा पत्ता काढू, म्हणजे कचरा तिकडेच साचेल.

आई, उद्याचा सुविचार आला की रांगेत तुझं नाव दिसतंय का ते बघ आणि मला कळव. बाबांना आधी सांगू नकोस.

तुमची,
ताई